पहिल्या आठवड्यात हाउसफुल्ल, दुसऱ्यात घसरण: पुस्तकावरचा सिनेमा चालला असं कधी म्हणायचं?

शुभदा_लक्ष्मीनगर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते अकरावीची दहा-बारा मुलं जमतात. महिनाभर सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं आणि शेवटच्या शनिवारी त्यावर मनसोक्त भांडायचं, असा आमचा शिरस्ता. या महिन्यात मुलांनी जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' निवडली. कॅन्सर झालेल्या दोन पोरांची प्रेमकथा. कादंबरी जानेवारी २०१२ची, सिनेमा जून २०१४चा. पुस्तक सगळ्यांनी वाचलं, सिनेमा आपापल्या घरी पाहिला, आणि भांडण भलत्याच गोष्टीवरून पेटलं.

नववीतल्या एका मुलानं मोबाइलवरून आकडे काढून आणले. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ४.८ कोटी डॉलर. त्याच शुक्रवारी लागलेला टॉम क्रूझचा मोठा सिनेमा २.९ कोटींवर अडकला. पण दुसऱ्या वीकेंडला हा दीड कोटीच्या आसपास आला. म्हणजे जवळपास सत्तर टक्के घसरण. "मॅडम, हा तर आपटला!" मुलानं जाहीर केलं. अकरावीतल्या एका मुलीला हे पुस्तक जवळपास पाठ आहे. ती इतकी दुखावली की दप्तर उचलून दारापर्यंत गेली. कशीबशी परत बसवली.

मी ग्रंथपाल. पुस्तक किती हातांतून फिरलं ते मी कार्डावरच्या तारखांवरून सांगते. गल्ल्याचा हिशोब मात्र जाणकारांकडून समजून घ्यायचा आहे. हा सिनेमा चालला की नाही? आणि आपल्याकडे या वयाच्या मुलांच्या कादंबरीवर सिनेमा काढला तर तो चालावा कसा? येत्या शनिवारी मला मुलांसमोर उभं राहायचं आहे.

बर्डीचा_पोट्टा

ताई, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? १.२ कोटी डॉलरमध्ये बनवला न जगभरातून ३०.७ कोटी आणले. असं आपटायला मुंबईतले झाडून सगळे निर्माते तयार होतील बाप्पा.

निनाद_नागपूरकर_पुण्यात

इतकं सोपं नाही, भाऊ. एकूण आकडा मोठा आहे हे मान्य. पण तो आला कसा ते बघा. पहिल्या शुक्रवारीच २.६ कोटी, म्हणजे वीकेंडच्या गल्ल्यातला अर्ध्याहून जास्त एका दिवसात. शनिवारपासूनच उतरण. आपल्याकडे जो सिनेमा लोकांना आवडतो तो शनिवारी चढतो, रविवारी आणखी चढतो, सोमवारी टिकतो. इथे पुस्तकाचे वाचक पहिल्या दिवशी तुटून पडले आणि विषय संपला. ती पुस्तकाची कमाई झाली. सिनेमानं स्वतःचा नवा प्रेक्षक किती मिळवला? शुभदाताईंच्या त्या मुलाचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

सायली_त्रिमूर्तीनगर

निनाददादा, "पुस्तकाचे वाचक" असं तुम्ही लिहिलंत, जणू आम्ही तिकिटं न काढता आत बसलो होतो.

२०१४ साली मी नववीत होते. आम्ही नऊ जणी. पुस्तक एकच होतं, बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं, आणि ते नऊ घरांत फिरलेलं. तिसऱ्या मुलीपर्यंत पोचेस्तोवर त्याचा कणा सुटला, म्हणून एकीच्या बाबांनी त्याला सायकलच्या दुकानातली काळी पट्टी मारून दिली. सिनेमा नागपुरात लागला तेव्हा धो धो पाऊस. नऊ जणींचे पैसे एका कंपासपेटीत गोळा केलेले, काउंटरवरच्या दादांनी नाणी मोजता मोजता मान वर करून आमच्याकडे पाहिलं. पॉपकॉर्नला पैसे उरलेच नाहीत. आत आमची अख्खी रांग पडद्यावरचं वाक्य यायच्या आधी ते पुटपुटत होती आणि पुढच्या रांगेतल्या काकू मागे वळून बघत होत्या. मध्यंतरानंतर त्या काकूच सगळ्यात जास्त रडल्या. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. शो सुटल्यावर त्यांनी आमच्याकडून नाव लिहून घेतलं, तिकिटाच्या पाठीवर.

तर नवा प्रेक्षक असा मिळतो, दादा. एका कंपासपेटीमागे एक काकू.

ठेचा_भाकर

सायली, काळ्या पट्टीवर डोळे भरून आले बघ.

रीळपेटी_अमरावती

धागा वाचून राहवलं नाही. मी तीस वर्षं अमरावतीत एका फिल्म वितरकाच्या कचेरीत काम केलं. नव्या पोरांना ठाऊक नसेल, पण सिनेमाच्या धंद्यात आपला विदर्भ आजही 'सी.पी. बेरार', म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत-वऱ्हाड, याच नावानं ओळखला जातो. तो प्रांत जाऊन किती दशकं झाली, नागपूर त्याची राजधानी होतं हेही लोक विसरले, पण वितरणाच्या नकाशावर ते नाव टिकून आहे. विदर्भ आणि त्याला लागून मध्य प्रदेश-छत्तीसगडचा भाग मिळून ही टेरिटरी. सिनेमा विकला जायचा तो टेरिटरीच्या हिशोबानं, आणि त्या मुलुखाचं गणित निराळं. कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या हातात आला की तालुक्याच्या टॉकीजचा डीसीआर, म्हणजे रोजच्या वसुलीचा कागद, आपोआप फुगायचा. तोच सिनेमा सोयाबीन पेरणीच्या वेळी लावा, मॅनेजर माशा मारत बसायचा.

आता शुभदाताईंच्या मुलांसाठी नीट सांगतो. गल्ला तीन जागी मोजतात. प्रेक्षकानं खिडकीवर दिला तो ग्रॉस. त्यातून कर गेला की उरलं ते नेट. नेटमधून थिएटरवाल्यानं आपला वाटा ठेवला की वितरकाच्या हाती पडतो तो शेअर. निर्मात्याच्या घरी पोचतो तो या शेअरमधला भाग. पेपरात छापून येतो तो बऱ्याचदा ग्रॉस, आणि लोकांना वाटते तेवढे पैसे निर्मात्यानं घरी नेले. आपल्याकडे २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचा मोठा झगडा झाला, दोन महिने नवे हिंदी सिनेमे मल्टिप्लेक्सला लागले नाहीत. त्यातून जो तोडगा निघाला त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०.

आता या उतरत्या टक्क्यांकडे नीट पाहा. पहिल्या आठवड्यात विकलेलं तिकीट निर्मात्याला सगळ्यात जास्त देऊन जाते. तोच प्रेक्षक चौथ्या आठवड्यात आला तर त्याच्या शंभर रुपयांतले तीसच हाती लागतात. म्हणजे सायलीच्या नऊ मैत्रिणी पहिल्याच दिवशी धावल्या यात नुकसान कोणाचं झालं? अमेरिकेतले टक्के वेगळे असतात, पण तिथेही ढोबळमानानं निम्मा पैसा थिएटरकडे राहतो. ३०.७ कोटींचे निम्मे धरा, पंधरा. बनवायला लागले १.२. जाहिरातीवर बनवण्याच्या कितीतरी पट उधळले असं समजलं तरी पेटी जड आहे.

आणि घसरणीबद्दल म्हणाल तर अमेरिकेतली शेवटची बेरीज साडेबारा कोटींच्या आसपास आहे, म्हणजे पहिल्या वीकेंडच्या अडीच पटीहून अधिक. दुसऱ्या आठवड्यात तो मेला असता तर हा आकडा दिसला नसता. उरलेले अठरा कोटी बाहेरच्या देशांतून आले. मोठा वाटा बाहेरचाच.

बर्डीचा_पोट्टा

रीळपेटी काका, साष्टांग नमस्कार. तुम्ही यावर पुस्तकच लिहा. पहिल्या दिवशी पहिली प्रत माझी.

ठेचा_भाकर

काकांनी टॉकीजचं नाव काढलं आणि मला नागपुरातला सदरचा भाग आठवला. लिबर्टीला सिनेमा, मग स्मृतीचं पोस्टर बघत चालत परत. माझा भाचा परवा विचारत होता, "मामा, व्हरायटी चौकाला व्हरायटी काहून म्हणतात? तिथं सगळं एकच तर आहे, ट्रॅफिक." त्याला सांगितलं की बाबा, तिथं त्या नावाची टॉकीज होती. त्याचा विश्वास बसेना.

तर्री_जास्त

सदरला सकाळचा शो असायचा तेव्हा आधी पोहे, त्यावर तर्री, वरून चणे, आणि मग सिनेमा. नाकातून पाणी गाळतच आत जायचं. दुःखी सिनेमाला बरं पडायचं, कोणाला कळायचं नाही की आपण रडून राहिलो.

निनाद_नागपूरकर_पुण्यात

तर्रीवर सहमत, गल्ल्यावर अजून नाही.

रीळपेटी काका, तुमचं गणित मान्य. पण पुढच्याच वर्षाचं बघा. त्याच लेखकाची 'पेपर टाऊन्स'. पटकथालेखक तेच दोघे, बजेट तेच १.२ कोटी डॉलर. २०१५ साली लागला. पहिल्या वीकेंडला जेमतेम १.३ कोटी आणि जगभर मिळून साडेआठ कोटींच्या आसपास. लेखक तोच, वाचक तेच, मग कुठे गेली ती कंपासपेटी? माझं म्हणणं एवढंच आहे की वाचकांवर विसंबून धंदा होत नाही.

सायली_त्रिमूर्तीनगर

वाचक तेच नव्हते ना! लेखक तोच असला म्हणून प्रत्येक पुस्तक सारखं जवळचं होतं का? 'फॉल्ट'साठी आम्ही नऊ जणी गेलो, 'पेपर टाऊन्स' मी एकटीनं लॅपटॉपवर पाहिला, कारण त्या पुस्तकासाठी कोणी काळी पट्टी मारली नव्हती.

शिवाय तुम्हीच दिलेला आकडा बघा. १.२ चे साडेआठ. काकांच्या हिशोबानं निम्मे सव्वाचार. जाहिरातीत बराच भाग गेला असेल, पण हा काही बुडालेला धंदा नाही. आधीचा भाऊ ३० आणून गेला म्हणून धाकटा नापास ठरला, एवढंच.

बुडालेला बघायचाय तर मी सांगते, कारण तो राग माझ्या मनात अजून आहे. 'डायव्हर्जंट'. पहिला भाग त्याच २०१४चा, खर्च साडेआठ कोटी, जगभर जवळपास २९. नायिका तीच शैलीन वूडली, आणि 'फॉल्ट'मधला तिचा प्रियकर इथे तिचा भाऊ! आम्ही आधी त्यांना भाऊ-बहीण म्हणून पाहिलं आणि पावसाळ्यात प्रेमात पडलेले. पहिली पाच मिनिटं नुसतं हसू. पुढे त्यांनी शेवटच्या पुस्तकाचे दोन तुकडे करायचे ठरवले, तिकिटं दोनदा विकता येतील म्हणून. २०१६ला त्यातला पहिला तुकडा आला, 'अलीजंट'. खर्च ११ कोटींवर, जगभरातून १८ सुद्धा नाहीत. आणि शेवटचा सिनेमा निघालाच नाही. तीन जाडजूड पुस्तकं वाचून, तीन सिनेमे पाहून आम्ही अर्ध्या रस्त्यात उभ्या. वाचक पळाले नाहीत, दादा. त्यांना गृहीत धरलं गेलं.

रीळपेटी_अमरावती

शाब्बास पोरी. धंद्यात मुरलेल्या माणसानं याहून वेगळं सांगितलं नसतं. १८चे निम्मे नऊ, आणि खर्चच अकरा. जाहिरात अजून बाजूलाच आहे. माझे जुने शेठ म्हणायचे की घरात माणसं किती ते बघून भात टाकावा. वाचक किती ते पाहून बजेट ठरवलं तर वाचकच सिनेमा तारून नेतात.

निनादराव, घसरणीबद्दल आणखी एक. 'हंगर गेम्स' २०१२ साली पहिल्या वीकेंडला १५ कोटी डॉलरवर गेला आणि दुसऱ्याला साठ टक्क्यांहून जास्त घसरला. 'ट्वायलाइट'ही २००८मध्ये तसाच साठच्या वर घसरला. दोघांच्याही पुढे मालिका चालल्या. ज्या पुस्तकाची पोरं वाट पाहत असतात त्याच्या सिनेमाला ही घसरण असणारच, कारण सगळ्यांना पहिल्याच दिवशी जायचं असतं. तो आजार समजू नका, तो अंगकाठीचा भाग आहे.

निनाद_नागपूरकर_पुण्यात

अंगकाठी पटली, काका. 'हंगर गेम्स'चा दुसरा वीकेंड मी तपासला नव्हता. 'आपटला'ची बाजू मी सोडतो. पण ताईंचा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. हे सगळं अमेरिकेतलं झालं. मराठीत काय?

गुरुजी_वर्धा_रोड

मराठीचं मी सांगतो, आणि जरा कळकळीनं सांगतो.

मिलिंद बोकील यांची 'शाळा'. नववीतल्या मुलाची कादंबरी. पुस्तकांच्या दुकानात 'यंग अ‍ॅडल्ट' अशी पाटी आपण लावत नाही म्हणून, नाहीतर त्या पाटीखाली मराठीतलं पहिलं पुस्तक हेच ठेवावं लागेल. सुजय डहाके यांनी त्यावर सिनेमा केला, जानेवारी २०१२ला लागला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि रूपांतरित पटकथेचाही मिळाला. म्हणजे पुस्तकाचा सिनेमा कसा करावा यासाठी देशानं पाठ थोपटली.

मी तेव्हा नागपुरात नववी-दहावीला शिकवत होतो. वर्गातली पस्तीस मुलं न्यायची ठरवली. जवळच्या थिएटरात फोन केला तर दिवसाचा एकच शो, सकाळी साडेनऊचा. वर्गात हजेरी घ्यायची ती वेळ. रविवारी नेऊ म्हटलं, तर रविवारी तो शो दुसऱ्या सिनेमाला दिलेला. पुढच्या आठवड्यात फोन केला तेव्हा सिनेमा उतरला होता. पस्तीस मुलं पैसे घेऊन तयार आणि दार बंद. त्या आठवड्याच्या कागदावर त्या शोपुढे रिकाम्या खुर्च्या लिहिल्या गेल्या असतील. ज्यानं तो कागद वाचला त्याला माझी पस्तीस मुलं दिसलीच नाहीत. परत केलेले पैसे मी वहीत लिहून ठेवले होते, ती वही अजून आहे.

मराठीत वाचक कमी आहेत असं कोणी म्हटलं की मला ती वही दाखवावीशी वाटते.

मंजू_काटोल_नाका

गुरुजी, अगदी मनातलं. पण दार उघडं असलं तर काय होतं तेही लिहिते. 'दुनियादारी', २०१३. सुहास शिरवळकरांची कादंबरी आमच्या कॉलेजच्या काळात हॉस्टेलभर फिरायची. सिनेमा जुलैत लागला आणि आम्ही तिघी मैत्रिणी आपापल्या कॉलेजवयातल्या पोरांना घेऊन गेलो. आई पुस्तकामुळे आलेली, पोरगं स्वप्नील-अंकुशमुळे. एका पुस्तकानं दोन पिढ्यांची तिकिटं काढली. २५ कोटींच्या पुढे गेला तो, आणि तेव्हा मराठी सिनेमाला करमणूक कर माफ होता, त्यामुळे ग्रॉसमधला कराचा घास वाचला. बरोबर ना, रीळपेटी काका?

तिसऱ्या आठवड्यानंतर शाहरुखचा 'चेन्नई एक्स्प्रेस' येणार म्हणून 'दुनियादारी' उतरवायची भाषा सुरू झाली तेव्हा मनसेनं इशारा दिला होता, ते आठवत असेलच सगळ्यांना. चालत्या सिनेमालाही खुर्ची टिकवायला भांडावं लागलं.

रीळपेटी_अमरावती

बरोबर, मंजूताई. आणि गुरुजी, तुमची वही म्हणजे खरा डीसीआर.

बर्डीचा_पोट्टा

'फास्टर फेणे' राहिला ना! भा. रा. भागवतांचा बनेश. २०१७ला अमेय वाघचा सिनेमा आला, त्यात फुरसुंगीचा पोट्टा डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येते. माझ्या बाबानं पुस्तकं वाचलेली, मी सिनेमा पाहिला, मग घरी येऊन पुस्तकं वाचली. माझ्यासाठी उलटं झालं. "ट्टॉक" ऐकल्यावर बाबा थिएटरात एवढ्या जोरानं हसले की मले लाज वाटली, आता त्याचंच बरं वाटते.

कुंदा_सिस्टर

एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे. 'फॉल्ट'वरून हिंदीत 'दिल बेचारा' झाला. गोष्ट जमशेदपूरला आणली, अ‍ॅमस्टरडॅमच्या जागी पॅरिस आलं. मे २०२०ला थिएटरात लागायचा होता, टाळेबंदीमुळे २४ जुलैला थेट मोबाइलवर आला. सुशांतसिंह गेल्यानंतर महिनाभरानं. आमच्या वॉर्डात तेव्हा नातेवाइकांना मनाई होती. सोळा वर्षांची एक मुलगी दाखल होती, नाकात ऑक्सिजनची नळी. तिनं इंग्रजी आधी पाहिला होता. त्या रात्री ड्यूटीवर मी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि छोट्या स्क्रीनवर दोघींनी हिंदी पाहिला. मध्येच तिनं थांबवून मला दाखवलं, "सिस्टर, हिची नळी कानामागे किती नीट बसलीय बघा. माझी तर झोपेत गालावर येते." मग मी चिकटपट्टी कापून तिची नळी तशी बसवून दिली. सिनेमातल्यासारखी. तिनं मोबाइलचा कॅमेरा उघडून स्वतःला पाहिलं आणि पुढे चालू केला.

त्या सिनेमाचा भारतात तिकीट-गल्ला नाही. शुभदाताई, मुलांना हेही सांगा, एवढंच म्हणायचं होतं.

सायली_त्रिमूर्तीनगर

कुंदाताई, नमस्कार तुम्हाला.

ठेचा_भाकर

थोडा वेळ काही लिहवलंच नाही.

शुभदा_लक्ष्मीनगर

मंडळी, कालच शनिवार झाला. हा अख्खा धागा मुलांसमोर वाचून दाखवला. सायलीची कंपासपेटी वाचताना दप्तर उचलून निघालेली ती अकरावीतली मुलगी पुढे सरकून बसली. गुरुजींच्या वहीशी आल्यावर एकजण म्हणाला, "मॅडम, पस्तीस गुणिले तिकीट करू या का?" आणि कुंदाताईंचा प्रतिसाद मी अर्ध्यातच थांबवला, उरलेला त्या अकरावीतल्या मुलीनं वाचला.

मग फळ्यावर हिशोब मांडला. ग्रॉस, नेट, शेअर, रीळपेटी काकांचे उतरते टक्के, सगळं. 'आपटला' म्हणणाऱ्या नववीतल्या मुलानंच खडू हातात घेतला होता. १.२ आणि ३०.७ शेजारी शेजारी लिहून तो थोडा वेळ बघत राहिला, आणि आधी लिहिलेली सत्तर टक्क्यांची ओळ न पुसता तिच्याखाली त्यानं 'हंगर गेम्स', 'ट्वायलाइट' असं लिहिलं. त्याला मी काही सांगायची वेळ आली नाही. मी आमच्या प्रतीचं इश्यू कार्ड दाखवलं. २०१४च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ती एक प्रत अकरा जणांकडे गेली होती, आणि सिनेमा उतरल्यानंतरही कार्डावरच्या तारखा थांबलेल्या नाहीत.

शेवटचा अर्धा तास मुलांनी आपापला मराठी सिनेमा काढला. बजेट ठरवायच्या आधी वाचक मोजायचे, असा नियम केला. शोची वेळ ठरवताना एकमत लगेच झालं: रविवार, दुपारी बारा. सकाळी क्लास असतात आणि रात्री घरचे सोडत नाहीत.

पुढच्या महिन्यासाठी मुलांनी 'फास्टर फेणे' निवडलाय. अडचण एकच, वाचनालयात दोनच प्रती आहेत आणि मुलं बारा. कोणाकडे महिनाभरासाठी देण्याजोग्या प्रती आहेत का?

बर्डीचा_पोट्टा

बाबाकडे चार आहेत. एकीचं कव्हर गेलेलं हाय, दुसरीत बाबाचं नाव न इयत्ता लिहून आहे. चालते का?

शुभदा_लक्ष्मीनगर

चालते. नाव लिहिलेली आधी आणा. शनिवारी सहाला या, आणि बाबांनाही घेऊन या.

निनाद_नागपूरकर_पुण्यात

तीन मी पुण्याहून कुरिअर करतो. पत्ता संदेशात पाठवा, ताई.